कूलरचा पंप कूलरमध्येच बरा

मार्च लागला की विदर्भातल्या फिशटँकवाल्यांत एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: समुद्री टाकीसाठी वेव्हमेकर (टाकीत लाटांसारखा प्रवाह करणारा पंप) घेणं म्हणजे लूट; कूलरचा पंप लावा, तासाला हजार लिटर फेकतो; जोर जितका जास्त तितकं प्रवाळ खूश; आणि लाइन गेली तर घरचा इन्व्हर्टर आहेच. तालुक्याच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात हा पंप मिळतो, म्हणून सल्ला पटकन पटतो. पण त्यातली एकच गोष्ट धड आहे, तीही अर्धी.

ती म्हणजे हजार लिटर. दोन फुटी टाकीत दगड-वाळू वगळून 50 लिटरच्या आसपास पाणी उरतं. मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या दहा ते वीस पट पाणी फिरलेलं पुरतं, म्हणजे 500 ते 1000 लिटर. आकडा बसतो. (दगडी प्रवाळांना याहून बराच जास्त प्रवाह लागतो. ते आपल्या समुद्रातून काढायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हेही ध्यानात असू द्या.)

पण पाणी किती फिरतं याइतकंच ते कसं फिरतं, हे महत्त्वाचं. कूलरचा पंप बनलाय पाणी वर खसच्या पॅडपर्यंत चढवायला, त्यामुळे त्याचं तोंड अरुंद. अर्ध्या इंचाच्या तोंडातून तासाला हजार लिटर बाहेर पडलं तर धारेचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. अशी धार समोरच्या प्रवाळाचं मांस दगडावरून सोलून काढते, आणि टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात घाण तशीच साचून राहते. वेव्हमेकरमध्ये पंखा असतो. चार सेंटिमीटरच्या तोंडातून तो तासाला दोन हजार लिटर ढकलत असला तरी वेग अर्ध्या मीटरच्या आत राहतो. म्हणून ‘जोर जितका जास्त’ हे सरळ चूक. प्रवाळाचे बोंडले (फुलासारखे उघडणारे छोटे जीव, पॉलिप) इकडून तिकडे डोलत असतील तर प्रवाह ठीक. एकाच बाजूला झोपलेले किंवा आत ओढून घेतलेले दिसले तर पंपाचं तोंड वळवा. एका मोठ्या पंपापेक्षा समोरासमोर दोन लहान पंप आलटून-पालटून चालवणं केव्हाही चांगलं.

मला खरी काळजी वाटते ती मिठाची. कूलरच्या पंपाला गोड पाणी ठाऊक, तेही वर्षातले चार महिने. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. दांडा, स्क्रू गंजतात; वायरीच्या तोंडाशी चीर पडली की पाणी मोटरच्या वाइंडिंगपर्यंत, म्हणजे तांब्याच्या तारेच्या गुंडाळीपर्यंत, पोचतं आणि तांबं टाकीत उतरतं. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या जवळपास देतात. तेवढ्याने मासा जगतो, पण कोळंबी, शंख आणि प्रवाळ सहसा मरतात. शिवाय 230 व्होल्टचा करंट पाण्यात उतरायचा धोका आहेच. सिरॅमिकचा दांडा, पूर्ण सीलबंद मोटर आणि खोक्यावर ‘खाऱ्या पाण्यासाठी’ असं लिहिलेलं, एवढं पाहूनच पंप घ्या. लहान वेव्हमेकर फार महागही नसतात.

उष्णतेचा हिशेब मेसेजवाल्याने केलेलाच नाही. पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॅट खातो, तेवढी उष्णता पाण्यालाच देतो. 18 वॅटने 50 लिटर पाणी, उष्णता बाहेर पडली नाही तर, तासाला 0.3 अंशाने तापतं. प्रवाळाला 24 ते 27 अंश मानवतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 असतात. चार-पाच वॅटचा डीसी पंप इथे कामाचा. आणि कूलरच्या खोलीत टाकी ठेवून वर टेबलफॅन सोडणाऱ्यांनो, त्या दमट हवेत पाण्याची वाफ कमी होते, म्हणून फॅनचा गुण निम्माही येत नाही.

राहिला इन्व्हर्टर. साध्या स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप घरघरतो आणि जास्त तापतो. वादळाने तार तुटली तर रात्रभर लाइन नसते, आणि घरचे पंखे आधी बॅटरी संपवतात. पंप थांबला की ऑक्सिजन घटतो: 25 अंशाला गोड्या पाण्यात तो लिटरला 8.2 मिलिग्रॅमपर्यंत विरघळतो, समुद्राच्या पाण्यात 6.7 च्याच आसपास, म्हणजे शिल्लक मुळातच कमी. यावर उपाय आपल्या कोठ्यात पडलेला आहे. फवारणी पंपाची 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासाची बॅटरी 5 वॅटच्या डीसी पंपाला कागदावर 19 तास पुरते. बॅटरी खराब होऊ द्यायची नसेल तर नऊ-दहा धरा. मात्र पंपही 12 व्होल्टचाच हवा. बरेच वेव्हमेकर 24 व्होल्टचे येतात, घेताना विचारा.

कूलरचा पंप घेऊनच बसला असाल तर पाणी बदलताना बादलीत काढलेलं जुनं पाणी नालीपर्यंत फेकायला वापरा, मग गोड्या पाण्यात खळखळून धुऊन परत कूलरला लावा. फक्त ते पाणी अंगणातल्या लिंबाच्या झाडाला सोडू नका.