मनगटाचा एक्स-रे आणि गालातला कापूस

शुक्रवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बंड्या आला तोच तापलेला. आदल्या दिवशी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत नीरज आठवा आला होता. त्याच फायनलमध्ये आपला सचिन यादव चौथा आला, पण त्याचं कौतुक करायला बंड्याकडे वेळ नव्हता. अर्धा तास नीरजची पाठ, नीरजचा कोच, नीरजचं लग्न सगळं झाल्यावर त्याने मोबाइल पुढे केला.

"हे वाचलंत? अ‍ॅथलेटिक्समध्ये बायकांच्या गटात उतरायचं तर आता आधी जीन टेस्ट. १ सप्टेंबरपासून. आता कळेल एकेकीचं."

"कळेल म्हणजे काय कळेल?" शेंगा सोलता सोलता डॉक्टरांनी विचारलं. आमच्या डॉक्टर म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ, दादरमध्ये तीस वर्षं दवाखाना. कट्ट्यावर त्या कमी बोलतात. त्यांनी प्रश्न विचारला की समजायचं, आज लवकर घरी जाणं नाही.

"बाई कोण आणि बाप्या कोण ते. पॅरिस ऑलिंपिकचं बॉक्सिंग विसरलात का? ती इटलीची पोरगी ४६ सेकंदांत रिंग सोडून रडत गेली. समोर सरळसरळ पुरुष होता."

"ती समोरची, इमान खलिफ, मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली. अल्जीरियाच्या गावात मुलींनी बॉक्सिंग करायचं म्हणजे काय असेल ते तुला माहीत नाही. दिल्लीत २०२३ ला एका संघटनेने तिला स्पर्धेतून काढलं, त्या संघटनेची मान्यता पुढे ऑलिंपिक समितीने काढून घेतली. तिच्या रिपोर्टचं म्हणशील तर, कोणता रिपोर्ट तू स्वतः वाचलास?"

बंड्या गप्प. खरं सांगायचं तर मीही गप्प, कारण तो व्हिडिओ त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रूपवर मीच टाकला होता.

मला वाटलं, आता पीटीसर डॉक्टरांच्या बाजूने उभे राहतील. शाळेतून रिटायर झाल्यावरही ते पहाटे पाचला मुलींना पळवायला नेतात, स्वतःच्या पेन्शनीतून बूट घेऊन देतात. पण सर म्हणाले, "डॉक्टर, पॅरिसचं सोडा. रेषा मात्र हवी."

"कशासाठी?"

"८०० मीटरचं घ्या. पुरुषांचा विक्रम रुडिशाचा, १ मिनिट ४०.९१. बायकांचा १ मिनिट ५३.२८, तोही १९८३ चा, अजून कुणाला मोडता आला नाही. बारा टक्क्यांचा फरक. एवढा फरक मेहनतीने भरून येत नाही. माझ्या मुली कितीही रगडल्या तरी दहावीतल्या बऱ्या पोराच्या मागेच राहणार. म्हणून त्यांचा गट वेगळा. गट वेगळा म्हटला की कुंपण आलं, आणि कुंपण आलं की कुणीतरी त्याच्या बाहेर राहणारच."

"पण दक्षिण आफ्रिकेच्या ज्या कॅस्टर सेमेन्यावर एवढा वाद झाला, तिने तो विक्रम मोडला नाही," मी मध्येच घातलं. "आणि पोहणाऱ्या फेल्प्सचे ते लांब हात..."

"फेल्प्सचे हात आणू नका हो!" सर एकदम उसळले. "दर वेळी तेच. हाताच्या लांबीचा वेगळा गट आहे का कुठे? नाही. कुस्तीत वजनाचा आहे, म्हणून तिथे काटा लागतो. बायकांचा गट आहे, म्हणून इथे प्रश्न येतो. आणि रिओ ऑलिंपिक आठवा. ८०० मीटरची तिन्ही पदकं ज्यांना मिळाली, त्या तिघीही पुढे टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या, नियमात अडकल्या. चौथी आलेली कॅनडाची मेलिसा बिशप. तिने तर काही चोरी केली नव्हती ना? तिचं पदक कुणाच्या खात्यात मांडायचं?"

याला उत्तर नव्हतं. मला अजून सापडलेलं नाही.

डॉक्टरांनी शेंगांची टरफलं पुडीत बांधली. "सर, तुम्ही म्हणता ते मला पटतं. पण माझ्याकडे ती मुलगी कशी येते ते ऐका. वय सोळा-सतरा. पाळी आली नाही म्हणून आई घेऊन येते. दिसायला, बोलायला, वागायला मुलगी, आणि ती आहेच मुलगी. सोनोग्राफीत गर्भाशय नाही. तपासणीत पुरुषांसारखी एक्स-वाय गुणसूत्रं. म्हणजे वाय गुणसूत्रावरचा जीन शोधणाऱ्या तुमच्या या टेस्टमध्ये ती पॉझिटिव्ह. पण काहीजणींच्या शरीराला टेस्टोस्टेरॉन लागूच पडत नाही. रक्तात भरपूर, उपयोग शून्य. दाढी नाही, स्नायू नाहीत, काही नाही."

"मग अशीला पळू द्यायला काय हरकत?" बंड्या म्हणाला. कधी कधी तो असा बरोबर बोलतो.

"देतात. नव्या नियमातही अशा मुलींना सूट आहे. दुसऱ्या काहीजणींना मात्र वयात येताना त्याचा फायदा मिळतो, अडचण तिथे आहे. पण एका सोळा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईला हे सांगायला मला तास लागतो. दार बंद करून. बापाला कधी सांगायचं, कसं सांगायचं, ते वेगळं. आणि शांती सौंदराजनला कसं कळलं? २००६ ला दोहाच्या एशियाडमध्ये ८०० मीटरचं रौप्य जिंकली. तामिळनाडूतल्या वीटभट्टीवरच्या मजुरांची मुलगी. घरी आल्यावर टीव्हीवर बातमी दिसली की तू टेस्टमध्ये नापास."

"आणि आपली धावपटू द्युती चंद?" मी विचारलं.

"तिचं नाव २०१४ ला राष्ट्रकुलच्या तोंडावर फुटलं. पण ती लढली. २०१५ ला क्रीडा लवादाने टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचा नियमच स्थगित केला. तुमच्या बारा टक्क्यांवरच म्हणाले ते, सर. पुरुषांचा फायदा दहा-बारा टक्के असतो हे मान्य, पण या मुलींनाही तेवढा मिळतो हे सिद्ध कुठे झालंय? मग २०१८ ला नवा नियम आला, फक्त ४०० मीटरपासून एक मैलापर्यंत. ज्या अभ्यासाचा आधार घेतला त्यात हातोडाफेक आणि पोलव्हॉल्टमध्येही फरक दिसला होता, ते मात्र गाळले. १५०० मीटरमध्ये दिसला नव्हता, ते घेतलं."

"सोयीचं तेवढं उचललं," बंड्या खूश झाला. "पण तुमची द्युती पुढे डोपिंगमध्ये सापडली, चार वर्षं बंदी, ते?"

"ते बाहेरून घेतलेलं औषध," सर म्हणाले. "त्याला माफी नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही."

चहावाला येऊन गेला. पाऊस येतो की नाही यावर पाच मिनिटं गेली. मग सर पुन्हा त्याच गोष्टीवर आले, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं बोलणं त्यांच्याच तोंडून निघालं.

"अंडर-सिक्स्टीन क्रिकेटला पोरांच्या मनगटाचा एक्स-रे काढतात. खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट होता म्हणून. चौदाच्या गटात मिशीवाली पोरं मी स्वतः पाहिलीत. आता एक्स-रेत हाड मोठं दिसलं तर काय होतं? म्हणतात, जा बाबा, वरच्या गटात खेळ. पोरगा दोन शिव्या देतो आणि खेळतो. त्यातली काही दाखल्यावर धडधडीत खोटं बोललेली असतात, तरी त्यांच्या लग्नाचं पुढे काय असं कुणी विचारत नाही. ही मुलगी तर काहीच खोटं बोललेली नाही. हिला वरचा गटच नाही. पुरुषांत जा म्हणणं म्हणजे घरी बस म्हणणं. आणि गाव विचारतं ते वेगळंच."

"चोर सोडून संन्याशाला सुळी," मी म्हणालो.

"सुळी देऊ नका, पण रेषा पुसूही नका, एवढंच माझं. आणि उलट मला ही टेस्ट बरी वाटते. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, जन्मात एकदा. विषय संपला. पूर्वी बायकांना कपडे काढून उभं करायचे."

"गालाचा कापूसही जुनाच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "१९६८ पासून होता. अटलांटाला १९९६ मध्ये ३३८७ जणींची तपासणी केली, आठ पॉझिटिव्ह निघाल्या, आठही जणींना खेळू दिलं. मग १९९९ मध्ये ऑलिंपिकवाल्यांनी ते बंद केलं. आता पुन्हा पहिले पाढे."

"पण सर, तुम्हाला ही टेस्ट का हवी? तुमच्या मुली काय टोकियोला निघाल्यात?" बंड्याने सहज विचारलं.

सर जरा वेळ मैदानाकडे बघत राहिले. "एक आहे. ८०० पळते. उंच, खांदे रुंद, आवाज जाड. मागच्या मीटमध्ये दुसऱ्या मुलीचा बाप कठड्यावरून ओरडला, पोरगी आहे का पोरगा ते बघून घ्या एकदा. तिने ऐकलं. मी त्याची कॉलर धरणार होतो. आठवडाभर ती ग्राउंडवर आली नाही. म्हटलं, कागद हातात असला तर अशांच्या तोंडावर फेकता येईल."

"कागद पतिनोकडेही होता," डॉक्टर म्हणाल्या. "स्पेनची हर्डल्सवाली. १९८३ ला टेस्ट पास, स्त्री असल्याचं सर्टिफिकेट मिळालं. १९८५ ला जपानमध्ये कोबेच्या स्पर्धेला जाताना ते घरी विसरली, म्हणून पुन्हा टेस्ट, आणि नापास. ती त्या पहिल्या प्रकारातली, हार्मोनचा काडीचा उपयोग नसलेली. दुखापत झाली म्हण आणि गुपचूप निघ, असा सल्ला मिळाला. तिने ऐकलं नाही, घरी येऊन पळली, तर बातमी फुटली. स्कॉलरशिप गेली, ठरलेलं लग्न मोडलं. १९८८ मध्ये परत घेतलं म्हणे तिला."

"मग मी काय करू?" सरांचा आवाज बसला होता. "तिची आई मला विचारते."

"वय?"

"पंधरा."

"पाळी?"

"ते मी कसं विचारणार, डॉक्टर?"

"नकाच विचारू. आईला माझ्याकडे पाठवा, मुलीला घेऊन. आधी नुसतं बोलायला. केसपेपर नाही, काही नाही. बहुतेक काहीच निघायचं नाही, रुंद खांद्यांच्या मुली मी रोज बघते. आणि मैदानावर हे कुणाजवळ बोलू नका."

"छे, मी कुणाला सांगतोय!"

डॉक्टरांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आत्ता सांगितलंत की."

बंड्याने मोबाइल खिशात टाकला. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. चहाचे पैसे त्या दिवशी कुणी दिले ते मला आठवत नाही.

हे लिहून काढायचं ठरलं तेव्हा मी सरांना विचारलं होतं. त्यांनी दोन अटी घातल्या, त्या मी पाळल्या आहेत. ती पंधरा वर्षांची नाही, आणि ८०० मीटर पळत नाही.