काट्यांचा पक्षपात

मोगलांच्या काळात आमच्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत, हे कोणताही नाशिककर पाहुण्यांना दोन घास जास्त वाढून सांगतो. परंतु त्या काळच्या बागांतील गुलाबांची छाटणी कोण करीत असे आणि संध्याकाळी त्या माणसाला स्वतःच्या हाताने जेवता येत असे की नाही, याविषयी एकाही बखरकाराने अक्षर लिहिलेले नाही. बखरी माळ्यांनी लिहिल्या असत्या, तर शहराचे नाव काही निराळे राहिले असते, असा माझा कयास आहे.

झाडाला काटे असतात ते संरक्षणासाठी, असे आपण शाळेत शिकतो. माझा आक्षेप या तत्त्वाला नसून त्याच्या अंमलबजावणीला आहे. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा सहकुटुंब राहतो, फुलकिडे कळीच्या आत शिरून पाकळ्या करपवतात, खवले कीड तर काट्यांच्या अगदी शेजारी खोडाला चिकटून रस शोषते. यांपैकी कोणालाही काटा टोचल्याचे ऐकिवात नाही. गल्लीतील शेळी फाटक उघडे दिसताच आत येते आणि काट्यांसकट फांदी मिटक्या मारीत खाते. खत घालणारा, पाणी देणारा, ऐन पावसात पानांवरच्या काळ्या ठिपक्यांसाठी औषध फवारणारा जो एकमेव प्राणी झाडाजवळ सद्हेतूने जातो, तोच नेमका काट्यांना शत्रू वाटतो.

पाऊस सरला की दसरा-दिवाळीच्या सुमारास छाटणी करायची, म्हणजे सुमारे दीड महिन्याने थंडीत टपोरी फुले येतात, हा आपल्याकडचा रिवाज. आधी काही दिवस पाणी तोडायचे. वाळक्या, रोगट आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढायच्या. उरलेल्या फांद्यांवर बाहेरच्या दिशेला तोंड केलेला डोळा, म्हणजे नवी फूट जिथून निघते तो उंचवटा, शोधून त्याच्या किंचित वर तिरका काप घ्यायचा आणि कापावर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. बागकामाच्या पुस्तकांत याची अतिशय सुबक चित्रे असतात. त्या चित्रांत एक कात्री असते, एक फांदी असते आणि पंचेचाळीस अंशांची एक तुटक रेघ असते. दुसरा हात कोठे ठेवायचा, हे मात्र कोणत्याही चित्रात दाखवलेले नसते. वास्तविक सगळा प्रश्न त्या दुसऱ्या हाताचाच आहे.

आमचे साडू निफाडकडचे द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणी हा त्यांच्या वर्षाचा कणा असल्यामुळे या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. ते अंगणात खुर्ची टाकून, हातात चहाचा कप धरून मार्गदर्शन करतात. "साडूभाऊ, दया करू नका. डोळा बघा अन् हाणा कात्री!" द्राक्षाच्या वेलीला काटे नसतात, ही बाब मी दरवर्षी नम्रपणे त्यांच्या निदर्शनास आणतो आणि ते दरवर्षी नम्रपणे आणखी अर्धा कप चहा मागतात.

खरी कसोटी लागते ती खुंटाची फूट काढताना. कलमी गुलाबाचा डोळा गावठी गुलाबाच्या मुळासकट खोडावर, म्हणजे खुंटावर, भरलेला असतो आणि त्या खुंटाला आपले मूळचे कुळ विसरवत नाही. जोडाच्या खालून तो सरळसोट, जोमदार फुटवे काढतो, जे ठेवले तर कलम मागे पडून नुसते रान माजते. फुटवा वरून कापून उपयोग नसतो, तो बुडापासून उपटावा लागतो, आणि बूड असते झाडाच्या ऐन मध्यभागी. अशा वेळी गुडघ्यांवर बसून, मान तिरकी करून, डोळे मिटून हात खाली सरकवावा लागतो. तो विलक्षण सहजतेने आत जातो. गुलाबाच्या काट्यांची टोके जमिनीकडे वळलेली असल्यामुळे आत जाणाऱ्या हाताला ते मुळीच हरकत घेत नाहीत. हरकत असते ती हात परत नेण्याला. फुटवा मुठीत आलेला असतो, बाही चार ठिकाणी अडकलेली असते, पाठीवर एक फांदी ममतेने रेललेली असते आणि नेमक्या याच क्षणी कुरिअरवाला फाटकाशी येऊन ओटीपी विचारतो.

हातमोजे घालावेत, अशी सूचना पुष्कळांनी केली आहे. कापडी मोज्यांतून काटा आत येतो आणि मोजा काढताना पुन्हा एकदा टोचतो. जाड चामड्याचे मोजे उत्तम; मात्र त्यांत ऑक्टोबरच्या उन्हात हात शिजतात आणि डोळा बाहेरचा की आतला, हे बोटांना समजेनासे होते.

माझ्या अंगणात 'ग्लॅडिएटर' आणि 'पीस' शेजारी शेजारी आहेत. पहिला योद्ध्याच्या नावाचा असूनही माझ्याशी बराच सभ्यपणे वागतो. दुसरा गुलाब फ्रान्सच्या फ्रान्सिस मेलाँ यांनी तयार केला आणि दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४५ च्या एप्रिलमध्ये, त्याचे 'शांतता' असे नामकरण झाले. माझ्या मनगटावरचे बहुतेक ओरखडे या शांततेने काढलेले आहेत.

गुलाबाचा काटा फांदीच्या लाकडातून नव्हे, तर सालीतून निघतो, त्यामुळे अंगठ्याने आडवा दाबला की तो टचकन निखळतो. याचा व्यवहारातील अर्थ असा, की झटापटीनंतर काटा झाडाकडे राहत नाही, आपल्याकडे येतो. रात्री अंगठ्याच्या पेरात मोहरीच्या निम्म्याएवढा काळा ठिपका दिसतो. चष्मा लावून पाहिला की दिसतो आणि सुई टेकवली की नाहीसा होतो. हिने गॅसवर सुई तापवून घेतली, मुलाने मोबाइलचा प्रकाश पाडला, शेजारच्या काकांनी रुईचा चीक लावण्याचा सल्ला दिला. मुलीने तेवढ्यात माहिती काढली, की १९४१ मध्ये ज्या रुग्णावर पेनिसिलिनचा उपचार प्रथम झाला, त्या ऑक्सफर्डच्या पोलिसाचे दुखणे गुलाबाचा काटा ओरबाडल्याने सुरू झाले होते. तो बिचारा बॉम्बहल्ल्यात जखमी झाला होता आणि गुलाबाची गोष्ट मागाहून रचली गेली असावी, हा त्याच लेखाचा पुढचा भाग तिने जेवणानंतर वाचला. मधल्या काळात मी धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन आलो होतो.

कापलेल्या फांद्यांची विल्हेवाट हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. पिशवीत कोंबल्या तर पिशवी फाटते, मोळी बांधली तर सुतळी हातात आणि मोळी पोटरीत राहते. "काका, हे हातानं उचलायचं असतं हो आम्हाला," असे घंटागाडीवरचा मुलगा म्हणतो, आणि त्याचे काहीच चुकत नाही. मग त्या फांद्या कुंपणाच्या भिंतीवर अंथराव्यात, म्हणजे निदान पहाटेच्या फुलचोरांना आळा बसेल, असा तोडगा साडूंनी अर्थातच खुर्चीतून सुचवला आणि मी तो अमलातही आणला.

डिसेंबरात 'पीस'ला पहिले फूल आले. सकाळी साडेसहाला दार उघडले, तर पलीकडच्या आळीतल्या आजी भिंतीवरच्या काट्यांतून कोपरापर्यंत हात घालून ते फूल देठासकट खुडत होत्या. हातावर ओरखडा नाही, पदराला साधा धागा निघालेला नाही. फूल परडीत ठेवून त्यांनी झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाल्या, "यंदा फूल बारीक आलंय हो. छाटणी जरा खालून घ्यायला हवी होती."