फौजीच्या घटस्फोटाचे 'सात नियम' आणि एका जुन्या क्लार्कचा वैताग

परवा रात्री सव्वादहाला फौजीला दिलेल्या भाचीचा मेसेज आला, "मामा हे खरं हाय काय?" एवढंच. खाली तो फॉरवर्ड. वर तिरंगा, शेवटी हात जोडलेले, मध्ये "फौजी परिवारांसाठी घटस्फोटाचे ७ सरकारी नियम, प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा". पोचला की. आमच्या गावच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर, महिला बचत गटाच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा.

मी अठरा वर्षं फौजेत क्लार्क होतो. बंदूक कमी चालवली, कागद जास्त. जवानाचं लग्न, पोराचा जन्म, बायकोचं नाव, सगळं पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे फौजेच्या नोंदीच्या कागदावर, चढवायचं काम माझं. त्यामुळं हा फॉरवर्ड वाचून डोकं फिरलं. आधी सातही नियम थोडक्यात सांगतो म्हणजे ज्यांनी वाचला नाही त्यांनाही कळेल. एक, शंभराच्या बाँडवर दोघांची सही आणि वर सीओ साहेबाचा, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचा, शिक्का असला की फौजीचा घटस्फोट झाला. दोन, जवान दोन वर्षं घरी आला नाही तर बायको आपोआप मोकळी. तीन, दहा वर्षं संसार झाला असेल तर अर्धी पेन्शन बायकोची. चार, बायकोने युनिटला तक्रार केली की नवऱ्याची नोकरी जाते. पाच, फौजीच्या पगाराला कोणी हात लावू शकत नाही. सहा, केस फक्त पोस्टिंगच्या ठिकाणी चालते आणि महाराष्ट्रातल्या कोर्टाचा घटस्फोट कर्नाटकात चालत नाही. सात, बॉर्डरवरच्या जवानावर केसच घालता येत नाही.

तीन नंबरपासून सुरू करतो कारण त्यावर मी एकटाच हसलो. हा नियम आपला नाहीच ओ, अमेरिकेचा हाय. तिकडं १९८२ सालचा एक कायदा आहे, माजी पती-पत्नींच्या संरक्षणाचा, त्यात दहा वर्षं लग्न आणि त्याच काळात दहा वर्षं नोकरी अशी अट आहे. आणि गंमत म्हणजे तिथंही त्याचा अर्थ "दहा वर्षांनी अर्धी पेन्शन" असा होत नाही. पेन्शनचा वाटा द्यायचा की नाही, किती द्यायचा, हे तिथलं राज्याचं कोर्ट ठरवतं, दहा वर्षांची अट फक्त एवढ्यासाठी की तो वाटा लष्कराच्या पगार खात्याने बायकोला थेट पाठवावा का. म्हणजे कुणीतरी अमेरिकेतलं अर्धवट वाचलं, त्याचं अर्धवट मराठी केलं आणि ते आमच्या बचत गटात आलं. आपल्याकडं असा वाटणीचा नियम नाही. कोर्ट पोटगी ठरवताना नवऱ्याचं उत्पन्न बघतं, त्यात पेन्शनही धरतं, ते वेगळं. आणि उलटी गोष्ट कोणी सांगत नाही, घटस्फोट झाल्यावर माजी नवरा वारला तर त्या बाईला फॅमिली पेन्शन मिळत नाही. पोरांचा हक्क राहतो, तिचा नाही. कँटीन कार्ड, माजी सैनिकांच्या दवाखान्याचं ईसीएचएस कार्ड, तेही तिच्यापुरतं संपतं. अर्ध्या पेन्शनच्या भरवशावर घाईघाईने सही करणाऱ्या बाईला हे आधी कळायला नको काय?

आता शिक्का. सीओ साहेब लग्न मोडू शकत नाही. ब्रिगेडियर नाही, जनरल नाही. आपल्याकडच्या हिंदू जोडप्यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू, डिक्री म्हणजे घटस्फोटाचा हुकूम कोर्टाचाच लागतो. माझ्या टेबलावर असे बाँड आलेत. एकावर गावच्या पाच पंचांच्या सह्या, दोन अंगठे, आणि जवान म्हणतो "बाबूजी, पार्ट टू करून टाका". मी विचारायचो डिक्रीची कॉपी कुठाय. तो बाँड परत त्याच्या हातात. आता एक कबूल करायला पाहिजे, नको वाटतं खरं करतो, की त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीनं चालत आलेल्या काडीमोडीला जागा ठेवलेली आहे. खरं ती रूढी तुमच्या समाजात जुनी आहे, अखंड चालत आलीय, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, नुसतं "आमच्यात चालतं" म्हणून भागत नाही. तोवर अशा बाँडवर विसंबून जवानाने दुसरं लग्न केलं तर तो दुसऱ्या लग्नाचा गुन्हा ठरू शकतो आणि मग मात्र नोकरी जाते. बघितलीय जाताना.

दोन नंबरला चार ओळी पुरेत. आपोआप काहीच होत नाही. दोन वर्षं सोडून जाणं हे घटस्फोटाचं कारण आहे, खरं त्यात सोडून जायचा इरादा लागतो आणि कोर्टात अर्ज लागतो. सरकारने सियाचीनला पाठवला म्हणून जवानाने बायको सोडली असं होत नाही, नाहीतर आमच्या निम्म्या पलटणीचा घटस्फोट झाला असता.

सहावा नियम लिहिणारा माणूस आपल्याच भागातला असणार असं मला वाटतं, कारण ही भीती फक्त आपल्यालाच. पोरगी चंदगडची, गडहिंग्लजची, दिली बेळगाव तालुक्यात, नाहीतर निपाणीची पोरगी कागलात. सीमाभागात निम्मे सोयरे ओढ्यापलीकडं. म्हणून लोकांना वाटतं की तिकडच्या कोर्टाचा कागद इकडं चालणार नाही, रेशन कार्डासारखं. हिंदू विवाह कायदा केंद्राचा आहे, डिक्री कोल्हापूर जिल्ह्यातली असो की बेळगावातली, देशभर एकच. आणि केस कुठं घालायची ते कलम १९ मध्ये सरळ लिहिलंय: लग्न जिथं लागलं तिथं, दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले तिथं, समोरचा जिथं राहतो तिथं, आणि २००३ पासून बायको अर्ज करणार असेल तर ती राहते तिथं. पोस्टिंगच्या गावी गेलंच पाहिजे असं कुठं आहे? भाचीला कुणीतरी सांगितलं होतं की जोधपूरला जावं लागेल. दोन पोरं घेऊन!

एक अडचण मात्र खरी आहे. नवऱ्याने बेळगावात केस घातली, बायकोने चंदगडला घातली, तर एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात केस हलवायचा अर्ज थेट सुप्रीम कोर्टात. चंदगड-बेळगाव एसटीने दीड तासाच्या आतबाहेर, आणि अर्ज दिल्लीला. म्हणून पहिली केस कुठं घालायची ते वकिलाबरोबर बसून नीट ठरवा. दुसरं म्हणजे बेळगावकडच्या कोर्टाचं समन्स कन्नडात येतं, आमची म्हातारी माणसं वाचता येत नाही म्हणून पोस्टमनला परत पाठवतात आणि समजतात संकट टळलं. टळत नाही. घ्यायला नकार दिला तर ते मिळालंच असं धरून कोर्ट पुढं जाऊ शकतं. घ्या, आणि ज्याला कन्नड येतं त्याच्याकडनं वाचून घ्या.

सात नंबरमध्ये अर्धं खरं आहे. १९२५ चा सैनिकांच्या खटल्यांचा कायदा आहे, जवान युद्धाच्या किंवा तसल्या खास ड्यूटीवर असेल आणि त्याच्या वतीने कोणी हजर नसेल तर कोर्टाने केस थांबवायची, त्याच्यामागं एकतर्फी निकाल लावायचा नाही. बरोबरच आहे. खरं थांबवायची म्हणजे पुढं ढकलायची, घालायचीच नाही असं नव्हे. जवानाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत जातं, मीच डाक रजिस्टरला चढवून जवानाला बोलावून सही घ्यायचो, मान खाली घालून सही करायचा बिचारा. सुट्टी मिळत नसेल तर तो दुसऱ्याला अधिकार देऊ शकतो, आणि केससाठी सुट्टी मिळाल्याचं सर्टिफिकेट दाखवलं तर त्या सुट्टीतच तारीख द्यायचा कोर्टाने शक्य तेवढा प्रयत्न करायचा असं आर्मी ॲक्टमध्येच आहे. दोघांची संमती असेल तर अजून सोपं, वर्षभर वेगळं राहिलेलं असलं की अर्ज, मग सहा महिन्यांनी दुसरी फेरी, आणि हे सहा महिने योग्य केसमध्ये माफ करता येतात असं सुप्रीम कोर्टाने २०१७ ला सांगितलंय. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी, ३० दिवस कॅज्युअल. बसवता येतं.

आता चार आणि पाच. राग याचाच आहे. भाची अडीच वर्षं माहेरी आहे, का ते इथं लिहीत नाही. अकरा महिने नवऱ्याने एक रुपया पाठवलेला नाही. थोरली तिसरीत, धाकटा अंगणवाडीत. ही सकाळी काजूच्या कारखान्यात जाते, बोटं काळी करून घेते. मी गेल्या वर्षीच म्हटलं युनिटला अर्ज कर. तर म्हणाली, "नको मामा, त्यांची नोकरी गेली तर पोरांचं काय, आणि लोक म्हणतील हिनंच घालवली." आणि आता या चार नंबरने त्यावर सरकारी शिक्काच मारला.

पोटगी मागितली म्हणून नोकरी जात नाही. पुन्हा लिहितो, जात नाही. आर्मी ॲक्ट १९५०, कलम ९० अधिकाऱ्यांसाठी, ९१ जवान आणि जेसीओंसाठी (सुभेदार वगैरे), दोन्हीच्या पोटकलम आयमध्ये बायको आणि पोरांच्या पोटगीसाठी पगारातनं कपात करायची सोय आहे. ही शिक्षा नाही, कपात आहे. बायकोचा अर्ज आला की युनिट जवानाला कारणे दाखवा नोटीस देतं, तो आपली बाजू लिहून देतो, फाईल वर जाते, वरचे अधिकारी मंजूर करतात की नाही ते ठरवतात. २००१ च्या आर्मी ऑर्डर नंबर २ प्रमाणे पगार-भत्त्याच्या २२ टक्क्यांपर्यंत बायकोला, साडेपाच टक्क्यांपर्यंत एकेका पोराला, आणि सगळं मिळून ३३ च्या वर नाही. त्यासाठी घटस्फोटाची केस लागत नाही, वकील लागत नाही. नोकरीवर येतं ते दुसरं लग्न, बाहेरचे संबंध असल्या भानगडीने. व्यभिचाराचं कलम २०१८ ला रद्द झालं तरी फौज शिस्तीची कारवाई करू शकते असं सुप्रीम कोर्टाने २०२३ ला स्पष्ट केलं. ती भानगड त्याची स्वतःची, अर्ज करणारीची नव्हे.

पाच नंबरवाला आर्मी ॲक्टचं कलम २८ कुठंतरी ऐकून आला असणार. कोर्ट फौजीचा पगार जप्त करू शकत नाही हे त्यात आहे, मान्य. खरं त्याच पुस्तकात पुढं ९०-९१ आहे ते याला दिसलं नाही. फौज स्वतः कापून बायकोच्या खात्यात टाकते, मी असल्या कपातीच्या नोंदी स्वतः केल्यात. शिवाय कोर्टातनं पोटगी मागायचा रस्ता उघडाच आहे, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५ कलम आता नव्या संहितेत १४४ झालंय, आणि वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडं जा, तिथं बाईला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. नवरा म्हणेल पगार कमी आहे, कर्ज आहे, तर २०२० पासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. फौजीची पे स्लिप खोटं बोलत नाही.

काल संध्याकाळी भाचीला घरी बोलावलं आणि अर्ज लिहिला. एक पान, हिंदीत, कारण युनिटात तोच चालतो. वर नवऱ्याचा आर्मी नंबर, रँक, नाव, मग लग्नाची तारीख, पोरांची नावं-वयं, पैसे कधीपासून बंद ते, आणि तिचा खाते नंबर. शिव्या नाहीत, सासूचा विषय नाही, तो तिला घालायचा होता, मी काढायला लावला. सोबत लग्नाचा दाखला, पोरांचे जन्मदाखले, पासबुकाचं पहिलं पान आणि गेल्या वर्षभराच्या नोंदींची पानं. आर्मी नंबर तिला पाठ नव्हता, डिपेंडंट कार्डावर सापडला. पाकिटावर "कमांडिंग ऑफिसर", युनिटचं नाव, खाली मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. पाकीट चिकटवताना विचारली, "मामा, त्यांना कळंल न्हवं मी केलंय ते?" म्हटलं कळंल की, तुझी सही हाय त्यावर. थोडा वेळ गप्प बसली आणि मग जीभ लावून पाकीट बंद केलं. सकाळी स्पीड पोस्ट करून पावती मी माझ्या डायरीत ठेवली.