अजून किती कडक?

अमली पदार्थांसह चार पोरं पकडली की लगेच सगळ्यांना कंठ फुटतो: कायदा कडक करा! अहो, अजून किती कडक? सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनची तस्करी म्हणजे फाशी. तरी तिथे माणसं सापडतातच ना? अमेरिकेने तर १९८६ मध्ये कमालच केली. ५ ग्रॅम क्रॅकला (म्हणजे कोकेनच, पण ओढायचे स्वस्त खडे) जी किमान पाच वर्षं कैद, तीच ५०० ग्रॅम कोकेन पावडरीला! माल एकच, गरिबाचा तेवढा वेगळा तोलायचा. (वा रे तराजू!) हे गणित बदलायला २०१० उजाडलं, तेही शंभर पटींवरून १८ पटींवर येऊन अडलं. पोर्तुगालने २००१ पासून पुडीवाल्याला, म्हणजे स्वतःपुरता माल बाळगणाऱ्याला, तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळवणाऱ्या समितीपुढे बसवलं, तर काय आभाळ कोसळलं? पण नाही! पुडीवाला आत, पोतीवाला मोकळा, आणि आपण टाळ्या पिटतोय. व्यसनमुक्ती केंद्रात एक खाट मागून बघा, कशी सगळ्यांची दातखीळ बसते!