जावई कसला, इन्यिफ्त!

परवा बायकोच्या माहेरच्या गोतावळ्याचा मेळावा झाला, स्वीडनमधल्या डालार्नात. दारातच छातीवर चिठ्ठ्या चिकटवत होते: नाव आणि खाली नातं. माझ्या चिठ्ठीवर फक्त ‘इन्यिफ्त’, म्हणजे लग्न करून घरात शिरलेला. नाव? ते राहिलंच म्हणे.

चिठ्ठीवाले आजोबा बायकोचे ‘ब्रिलिंग’ निघाले. ते काय असतं, हे त्यांनी माझ्याच ताटात समजावलं. नवे बटाटे मांडले. हा आजोबा, याची नातवंडं आपसात ‘कुसीन’. हा पणजोबा, याची पतवंडं ‘सिसलिंग’. खापरपणजोबा एक असेल तर ‘ब्रिलिंग’, त्याच्याही मागे गेलात तर ‘पिसलिंग’. (गोष्टीतल्या बुटबैंगणालाही पिसलिंगच म्हणतात.) हेरिंग माशाचा तुकडा म्हणजे अमेरिकेला गेलेली शाखा. समजावून झाल्यावर ती शाखा त्यांनीच खाल्ली.

“आणि मी कुठे?” मी विचारलं.

त्यांनी ताट नीट निरखलं. “तू ताटात नाहीस.”

बापाचा बाप ‘फारफार’, आईची आई ‘मूरमूर’. रक्ताचं नातं असेल तर ही मंडळी फारच काटेकोर. १६८६ च्या चर्च कायद्याने पाद्र्यांना जन्म-लग्नांच्या नोंदी ठेवायला लावल्या, तेव्हापासूनचे मेलेले लोक आजोबांना तोंडपाठ. पण दीर, मेहुणा, साडू? सगळ्यांना मिळून एकच ‘स्वोगेर’! नणंद, जाऊ, मेहुणी, वहिनी एकाच ‘स्वेगेर्स्का’त कोंबलेल्या. आमच्याकडे जावा-जावांत काय चालतं आणि नणंद-भावजयीत काय, याची यांना कल्पना तरी आहे का?

मला तसा मानपानाचा सोस नाही. पण अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे वाढणाऱ्या मुलखातून आलोय मी. इथे मला खुर्च्या उचलायला लावल्या आणि पोरांच्या टेबलावर बसवलं. सहा वर्षांच्या एका पिसलिंगने माझी चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा.

“आमच्याकडेही नोंदी असतात,” मी शेवटी ठसक्यात सांगितलं. “त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या सापडतात.”

आजोबा ताडकन उठले. किती जुन्या, कोणत्या लिपीत, शाई कसली? पुढच्या खेपेला सगळ्या पानांचे फोटो आण म्हणाले. कॉफीचं मात्र विचारलं नाही.