अष्टकोनी गेटचा आग्रह आणि फायटिंग गेमची खरी गरज

घरी आर्केड कॅबिनेट बांधायला घेतलेल्या माणसाला जॉयस्टिकबद्दल एक ठरावीक सल्ला हमखास मिळतो. तो इतक्या वेळा पुढे पाठवला गेला आहे की आता त्याला नियमाचे रूप आले आहे. सल्ला असा: ‘फायटिंग गेम खेळायचे असतील तर सानवा या जपानी कंपनीची जेएलएफ ही जॉयस्टिकच घ्या. तिचे चौकोनी गेट काढून अष्टकोनी बसवा, म्हणजे अर्धवर्तुळाच्या चाली अचूक निघतील. बॅटच्या आकाराची मूठ असलेल्या अमेरिकी बॅट-टॉप स्टिक फायटिंगसाठी टाकाऊ आहेत. आतल्या छोट्या मायक्रोस्विचमुळे होणारा उशीर टाळायचा असेल तर प्रकाशाने हालचाल ओळखणारी ऑप्टिकल स्टिक लावा.’ या चार विधानांपैकी पहिल्यात थोडे तथ्य आहे, बाकीची तीन मला मान्य नाहीत. घरच्या कॅबिनेटच्या बाबतीत जी गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी, तिचा तर या सल्ल्यात उल्लेखही नाही. तिच्याकडे मी शेवटी येईन.

गेटपासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक नुकसान तिथेच होते. गेट म्हणजे दांडीच्या हालचालीला मर्यादा घालणारी, स्टिकच्या तळाशी बसवलेली प्लास्टिकची चौकट. अष्टकोनी गेटच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे: चाल गोल आहे, चौकोन गोल नाही, अष्टकोन वर्तुळाच्या अधिक जवळ आहे, म्हणून अष्टकोन चांगला. मात्र गेमला वर्तुळ दिसतच नाही. या जॉयस्टिकमध्ये चार स्विच असतात आणि गेमपर्यंत केवळ त्या चार स्विचची स्थिती पोहोचते. त्यातून आठ दिशा आणि एक मध्यस्थिती अशा नऊच अवस्था तयार होतात. ‘स्ट्रीट फायटर’मधील हाडोकेन या ऊर्जेचा गोळा फेकण्याच्या चालीसाठी गेम पाहतो तो एवढाच क्रम: खाली, खाली-पुढे, पुढे, आणि मग ठोशाचे बटण. दांडीने त्या दरम्यान सुरेख चाप काढला की कोपऱ्यातून वळण घेतले, याची नोंद कुठेच होत नाही.

मग प्रश्न उरतो तो तिरक्या दिशा किती खात्रीने लागतात याचा, आणि इथे साधी भूमिती चौकोनाच्या बाजूने उभी राहते. उदाहरणादाखल असे धरू की दांडी सरळ दिशेला मध्यापासून १० एकक सरकते आणि ६ एककांवर स्विच दबतो. चौकोनी गेटच्या कोपऱ्यात पोहोचलेली दांडी आडवी १० आणि उभी १० एकक सरकलेली असते, म्हणजे दोन्ही स्विच दबून वर प्रत्येकी ४ एककांची मोकळीक शिल्लक राहते. अष्टकोनी गेटची तिरकी खाच मात्र मध्यापासून १० एककांवरच असते, त्यामुळे तिथे आडवी आणि उभी सरक प्रत्येकी साधारण ७ एवढीच भरते आणि मोकळीक उरते १ एककाची. प्रत्यक्ष मापे स्टिकनुसार बदलतील, पण दिशा हीच राहील: अष्टकोनात तिरक्या दिशेची हद्द आक्रसते. हाताचा किंचित ताण सुटला की एक स्विच सुटतो आणि तिरकी दिशा सरळ होऊन बसते.

याचा अर्थ प्रत्यक्ष खेळात काय होतो, हे गाइलसारख्या पात्राने खेळणाऱ्याला लगेच कळेल. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’पासून गाइलचा खेळ खाली-मागे ही दिशा धरून ठेवण्यावर उभा आहे. त्या एका कोपऱ्यात त्याच्या सॉनिक बूम या चालीसाठी लागणारा ‘मागे’चा चार्ज (दिशा काही वेळ धरून ठेवल्यावर साठणारी तयारी) आणि फ्लॅश किकसाठी लागणारा ‘खाली’चा चार्ज दोन्ही एकाच वेळी साठत असतात, शिवाय खालून येणारा फटकाही अडवला जातो. दांडी नकळत नुसत्या ‘खाली’वर सरकली तर मागचा चार्ज वाया जातो आणि बचावही उघडा पडतो, ती नुसत्या ‘मागे’वर सरकली तर पात्र उभे राहते आणि पायावरचा फटका बसतो. चौकोनी गेटचा कोपरा दांडीला तिथे अडकवून ठेवतो आणि हाताला न बघता जागा सापडते. ज्या पात्राला या कोपऱ्याची सर्वाधिक गरज आहे, त्याच्याच खेळाडूला ‘कोपरे काढून टाका’ असे सांगितले जाते, याचे मला खरोखर वाईट वाटते. मी स्वतः काही महिने अष्टकोनी गेटवर खेळलो. चार्ज का सुटतो हे कळेपर्यंत मी सगळा दोष सरावाला दिला होता.

अष्टकोनाचे समर्थक एक रास्त तक्रार करतात, तीही नोंदवायला हवी. चौकोनी गेटवर ‘पुढे’ किंवा ‘खाली’ या सरळ दिशांना खाच नसते, सपाट भिंत असते, आणि नवखा हात त्या भिंतीवरून घसरत कोपऱ्याकडे जातो. ज्यांची बोटे निन्टेन्डो ६४ किंवा गेमक्यूबच्या अष्टकोनी खाचांच्या पॅडवर घडली आहेत, त्यांना ही उणीव अधिक जाणवते. मात्र यावर उपाय गेट बदलण्याचा नाही, भिंतीपर्यंत जाणे थांबवण्याचा आहे. स्विच भिंतीच्या आधीच दबतो. तो दबल्याची टिकटिक ऐकून तिथेच दिशा बदलायची सवय लागली की भिंतीचा आकार फारसा आडवा येत नाही. ही सवय लागायला काही आठवडे जातात. गेट बदलून ती टाळता येत नाही.

आता पहिले विधान, म्हणजे ‘जेएलएफच’. ही स्टिक चांगली आहे यात वाद नाही. स्प्रिंग हलकी, हालचाल गुळगुळीत आणि सुटे भाग मुबलक आहेत. २००९ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ४’सोबत आलेल्या मॅड कॅट्झच्या टूर्नामेंट एडिशन स्टिकमध्ये सानवाचेच भाग होते, आणि जपानबाहेरच्या एका पिढीची ‘चांगल्या स्टिक’ची कल्पना तिथूनच घडली. या प्रसिद्धीमागे हा इतिहास आहे. त्यावरून प्रत्येक फायटिंग गेमला तीच स्टिक सर्वोत्तम ठरते, असा निष्कर्ष निघत नाही, कारण ‘फायटिंग गेम’ हा हाताच्या दृष्टीने एकच प्रकार नाही.

‘टेकन’चे उदाहरण घ्या. मिशिमा घराण्यातील पात्रांचा इलेक्ट्रिक हा फटका काढताना पुढे, मग मध्यस्थिती, मग खाली, मग खाली-पुढे आणि त्याच क्षणी ठोसा असा क्रम लागतो. मधली ती मध्यस्थिती हा चालीचा स्वतंत्र टप्पा आहे. दांडी पुढे ढकलून सोडल्यावर ती किती झटकन आणि किती स्थिरपणे मध्यावर परतते, यावर यश अवलंबून असते. मागे सरकण्यासाठीची कोरियन बॅकडॅशही ‘मागे’ आणि ‘खाली-मागे’ यांच्या वेगवान आलटापालटीवर चालते. कोरियन लिव्हरमध्ये, म्हणजे कोरियन पद्धतीच्या जॉयस्टिकमध्ये, स्प्रिंगऐवजी रबराचा गोल ठोकळा असतो आणि हालचालीची मर्यादा वर्तुळाकार असते. ते रबर दांडीला जोरात मध्याकडे खेचते. कोरियातील टेकन खेळाडूंनी या लिव्हरला जवळ केले ते याच गुणामुळे. इथे वर्तुळाकार मर्यादा चालते हे माझ्या गेटवरील म्हणण्याच्या विरुद्ध वाटेल, पण या खेळात कोपऱ्यात दीर्घकाळ बसून राहण्यापेक्षा मध्यावर परतण्याला अधिक मोल आहे. गरज बदलली की योग्य रचनाही बदलते.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ तिसऱ्याच बाजूला आहे. १९९२ च्या मूळ गेममध्ये स्कॉर्पियनचा भाला मागे, मागे आणि खालचा ठोसा असा निघतो, तर सब-झीरोचा गोठवणारा वार खाली, पुढे आणि खालचा ठोसा असा. यांत तिरकी दिशा लागतच नाही. एकाच दिशेला दोनदा ठाम टिचकी मारता येणे महत्त्वाचे असते. हलक्या स्प्रिंगची लांब फेक (दांडी सरकण्याचे अंतर) या कामाला मुळीच अपरिहार्य नाही. सेमित्सु या दुसऱ्या जपानी कंपनीची एलएस-३२ सारखी थोडी ताठ, कमी अंतरावर लागणारी स्टिक इथे अनेकांना अधिक खात्रीची वाटते. जेएलएफ आधीच घेतली असेल तर तिच्यात अधिक ताठ स्प्रिंग घालता येते, आणि स्टिक बदलण्याआधी हा प्रयोग जरूर करावा.

यातूनच बॅट-टॉपवरील आक्षेपाचे उत्तर मिळते. उत्तर अमेरिकेत ‘स्ट्रीट फायटर २’ आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट’ ज्या कॅबिनेटांवर लोकांनी शिकले, त्यांवर हॅप या अमेरिकी कंपनीच्या बॅट-टॉप स्टिक होत्या. कॅलिफोर्नियात १९९६ मध्ये भरलेल्या ‘बॅटल बाय द बे’ या स्पर्धेतून पुढे इव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा उभी राहिली, आणि तो खेळाडूवर्ग याच आर्केडमधल्या स्टिकवर घडलेला होता. शिवाय मुठीचा आकार आणि आतली यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या सल्ल्यात पूर्ण विसरले जाते. जेएलएफच्या दांडीवरचा ३५ मिलिमीटरचा गोळा फिरवून काढता येतो आणि त्याच आट्यांवर बॅटच्या आकाराची मूठ बसते. दांडी खालून दोन बोटांत धरणाऱ्याला गोळा सोयीचा वाटतो, बोटांच्या टोकांनी वरून धरणाऱ्याला बॅट. २०१४ च्या इव्होमध्ये ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’चे विजेतेपद फ्रान्सच्या लफीने जुन्या प्लेस्टेशनच्या साध्या पॅडवर मिळवले होते, तेव्हा मुठीच्या आकारावरून कुणाचे साधन टाकाऊ ठरवणे किमान थांबावे.

हॅपसारख्या स्टिकचा घरच्या कॅबिनेटला आणखी एक फायदा आहे. तिचे चारही मायक्रोस्विच सुटे असतात. एक बिघडला तर तारा काढून तेवढाच बदलता येतो. जेएलएफमध्ये ते एका छोट्या सर्किट बोर्डावर डाखलेले असतात, त्यामुळे डाख देता येत नसेल तर पूर्ण बोर्ड बदलावा लागतो. पाच तारांच्या एकाच जोडणीची सोय त्या बदल्यात मिळते, हेही खरे.

उशिराच्या मुद्द्यावर मला आकडे समोर ठेवायचे आहेत. बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. मायक्रोस्विचचे संपर्क जुळताना काही क्षण थरथरतात, आणि ती थरथर गाळण्यासाठी एन्कोडर बोर्ड (स्टिकचे संकेत संगणकापर्यंत पोहोचवणारे सर्किट) किती थांबतो, हे त्या बोर्डाच्या प्रोग्रॅमवर ठरते; पहिल्याच संपर्काला दाद देणारा बोर्ड जवळजवळ काहीच वेळ घालवत नाही. त्यापुढे यूएसबीचा प्रश्न येतो: संगणकाकडून सेकंदाला १२५ वेळा विचारणा होणाऱ्या बोर्डावर ८ मिलिसेकंदांपर्यंत वेळ जाऊ शकतो, १००० वेळा विचारणा होणाऱ्यावर १ मिलिसेकंदापर्यंत. पडद्याने चित्रावर प्रक्रिया करण्यात घालवलेला वेळ तर अनेकदा या दोहोंपेक्षा मोठा असतो, आणि टीव्हीचा गेम मोड चालू करण्याला काहीही खर्च येत नाही. असे असताना धीमा बोर्ड आणि प्रक्रियेत रमणारा टीव्ही तसाच ठेवून फक्त स्टिक ऑप्टिकल केल्याने काय हाती लागणार? बोर्डाच्या नावात ‘झीरो डिले’ असे शब्द असणे ही कसलीच हमी नाही. ऑप्टिकल आणि हॉल सेन्सरच्या, म्हणजे चुंबकाने हालचाल ओळखणाऱ्या, स्टिक मला आवडतात, पण कारण वेगळे आहे: त्यांत झिजणारा विद्युत संपर्क नसतो आणि टिकटिक होत नाही. त्यांच्या सेन्सरना वीजपुरवठा लागतो, एवढे मात्र आधी तपासावे.

आता राहिलेली गोष्ट, पॅनेलची जाडी. जपानी स्टिक पातळ धातूच्या पॅनेलसाठी घडवलेल्या आहेत, तर घरचे कॅबिनेट बहुधा १८ मिलिमीटरच्या एमडीएफ किंवा प्लायवूडचे असते. जेएलएफ बसवताना पॅनेलच्या पृष्ठभागापासून गोळ्याच्या तळापर्यंत २३-२४ मिलिमीटर अंतर ठेवण्याची पद्धत आहे. स्टिक सरळ लाकडाच्या खाली स्क्रूने आवळली तर त्यातील मोठा भाग लाकडातच गडप होतो, गोळा पॅनेलला चिकटल्यासारखा दिसतो, बोटे लाकडावर घासतात आणि तीच स्प्रिंग जड वाटू लागते. याहून फसवा दोष असा की जाड लाकडातील भोक अरुंद असेल तर कललेली दांडी गेटला टेकण्याआधी भोकाच्या काठाला टेकते, आणि मग गेट चौकोनी असो वा अष्टकोनी, खरे गेट ते लाकडातले गोल भोकच ठरते. अशा कॅबिनेटवर तिरक्या दिशा लागत नाहीत म्हणून गेट बदलत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

यावर मार्ग तीन आहेत. लाकूड खालच्या बाजूने राउटर या कोरण्याच्या यंत्राने कोरून स्टिकच्या जागी काही मिलिमीटरच ठेवता येते. तिथे मोठे भोक पाडून वरून धातूची पट्टी बसवता येते. किंवा लांब दांडी घेता येते, पण मग हाताला लागणारी फेकही वाढते. कोरीवकाम करायचे नसेल तर जाड लाकडासाठीच लांब दांडी देऊन बनवलेली हॅपची स्टिक घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. स्टिक कुठलीही असो, तारा जोडण्यापूर्वी ती पॅनेलवर नुसती आवळावी, दांडी सावकाश आठही दिशांना शेवटपर्यंत न्यावी आणि प्रत्येक दिशेला ती गेटला टेकते की लाकडाला, हे खालून टॉर्च धरून पाहावे.