पासपोर्ट निघाला म्हणजे विमा निघाला, असं नाही

यवतमाळ-वाशिमकडच्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: 'आखाती देशात कामाला जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाला पासपोर्टसोबत १० लाखांचा सरकारी विमा मिळतो. तिथं मृत्यू झाला तर रक्कम घरी येते, मृतदेह सरकार फुकट आणते. एजंटने फसवले तर दूतावास पैसे परत मिळवून देतो. व्हिजिट व्हिसावर गेलात तरी चालते. बिनधास्त जा.' खाली तिरंगा.

निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती. पण विमा आहे, निधी आहे, दूतावासही आहे. फक्त ते कोणाला आणि कशावर मिळतं, तेवढंच मेसेजमधून गाळलंय.

आधी विमा. प्रवासी भारतीय बीमा योजना २००३ पासून आहे आणि १० लाखांचा आकडा खरा आहे. पण ती पासपोर्टसोबत येत नाही. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट 'ईसीआर', म्हणजे परदेशी कामाला परवानगी लागणारा असतो. असा माणूस सौदी, कुवेत, कतार, ओमान, यूएई (दुबई), मलेशिया अशा ठरलेल्या १८ देशांत कामाला निघाला की १९८३ च्या उत्प्रवासन (एमिग्रेशन) कायद्याप्रमाणे त्याला सरकारची परवानगी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून निघते आणि त्याच वेळी हा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, वर कर. कपाशीच्या एका फवारणीला याहून जास्त लागतात. मुदत संपली की पॉलिसी संपली. नूतनीकरण ऑनलाइन होतं, पण ते आपल्यालाच करावं लागतं. तिकडे पाच-पाच वर्षं राहणाऱ्यांनी एकदा पॉलिसीवरची तारीख बघावी.

दहावी-बारावी किंवा आयटीआय झालेल्यांचं तर उलटंच आहे. त्यांना परवानगी लागत नाही, म्हणून सक्तीचा विमाही नाही. गोदामात पेट्या उचलायला गेलेला बारावी पास पोरगा या बाबतीत दहावी नापास गवंड्यापेक्षा उघडा पडतो. हे मला कधीच पटलेलं नाही, पण नियम असा आहे.

मृत्यू झाला की १० लाख, हेही अर्धंच. ही रक्कम अपघाती मृत्यूसाठी किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे. दिवसभर उन्हात काम करून आलेला माणूस रात्री झोपेत गेला आणि कागदावर 'नैसर्गिक मृत्यू' लिहिलं गेलं, तर या विम्यातले १० लाख नाहीत. दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर १ लाखापर्यंतचा खर्च मात्र यात आहे. मेसेजवाल्याने नेमकी तीच कामाची गोष्ट सांगितली नाही.

मृतदेहाचं बघू. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून जास्त भारतीय गेले आणि वायुदलाच्या विमानाने मृतदेह कोचीला आणले. ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, म्हणून प्रत्येक वेळी तसंच होतं असा समज झाला. एकटा माणूस वारला की आधी कंपनीला विचारलं जातं, कारण खर्चाची पहिली जबाबदारी तिची. कंपनीने हात वर केले आणि घरची परिस्थिती तशी असली, तर दूतावास भारतीय समुदाय कल्याण निधीतून खर्च करू शकतो. हा निधी २००९ चा. पासपोर्ट, व्हिसासारख्या कामांवर परदेशातले दूतावास जो जादा आकार घेतात, त्यातून तो भरतो. पण मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद, घरच्यांचं संमतिपत्र हे सगळं जमेपर्यंत दिवस जातात.

एजंटच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण आमच्याकडे खरा घोटाळा इथंच होतो. 'आपल्याच इकडचा माणूस आहे, तो काहून फसवन?' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. परवानाधारक एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. त्याची पावती द्यावी लागते. एखादा वावर गहाण ठेवायला लावून लाख-दीड लाख मागत असेल, तर पुढचं काही विचारायचीच गरज नाही. गावात फिरणाऱ्या सब-एजंटला उत्प्रवासन कायदा ओळखतच नाही. परवाना कोणाकडे आहे, त्याची यादी ई-मायग्रेटवर मोबाइलमध्येही दिसते. आणि रियाधचा दूतावास तालुक्याच्या एसटी स्टँडवर रोख दिलेले पैसे वसूल करायला येत नाही. ती तक्रार इथल्या पोलीस ठाण्यात, फसवणुकीच्या कलमाखाली. बिगरपरवाना भरती केली तर उत्प्रवासन कायद्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड २,००० रुपयांपर्यंत. दोन हजार! १९८३ चा आकडा तसाच राहिलाय. सरकारवर राग काढायचाच असेल तर इथं काढा.

व्हिजिट व्हिसा: चालतं म्हणजे विमानात बसता येतं, एवढंच. परवानगी नाही, म्हणून विमा नाही. मालक कोण, पगार किती, याची सरकारदरबारी नोंद नाही. व्हिसा संपल्यावर रोजचा दंड चढतो. कामगाराचा दोष नसेल तर कल्याण निधीतून असा दंड भरायची सोय आहे. पण दोष नव्हता हे करार नसताना दाखवायचं कशावर?

ही चौकशी करायला आमच्याकडे जवळ काही नाही, हेही खरं. नागपूरचं कार्यालय पासपोर्टचं आहे. परदेशी कामाची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचं, म्हणजे उत्प्रवासी संरक्षकाचं, मुंबईला. केरळने यासाठी १९९६ मध्येच वेगळा विभाग काढला, पैनगंगेपलीकडे तेलंगणाने परदेशी भरतीसाठी सरकारी कंपनी काढली. आमच्याकडे जवळ अशी सोय होईपर्यंत १८००-११-३०९० हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकटचा नंबर आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर घरचे लोकही तक्रार टाकू शकतात. तक्रारीत पासपोर्ट नंबर आणि मालकाचं नाव-पत्ता लागतो, म्हणून पोरगा विमानात बसायच्या आधी पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पॉलिसीच्या झेरॉक्स घरी ठेवून घ्या.